‘साठी, बुद्धि नाठी’ : एका म्हणीचा फेरविचार

‘साठी, बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या समाजांत इतकी रूढ झाली आहे कीं, घरांतील वृद्ध मनुष्य असंबद्ध बोलूं लागला म्हणजे तिचा उच्चार करून आपण निश्चिंत होतों. कोणी ‘म्हातारचळ’ म्हणतो, कोणी ‘आतां वयच झालें’ म्हणतो. आणि विचार तेथेंच संपतो. आमच्या मतें ही म्हण केवळ अनुदार नाहीं, तर प्रसंगीं प्राणघातक आहे.

प्रथम आमचाच दोष कबूल करितों. गेल्या वर्षीं नाताळच्या सुटींत आमच्या ७८ वर्षांच्या मातोश्रींना पडसें झालें होतें, व दुकानांतून आणलेल्या गोळ्या त्या घेत होत्या. एके दिवशीं सायंकाळीं त्या नातीला आपल्या दिवंगत बहिणीच्या नांवानें हांक मारूं लागल्या. भिंतीवर मुंग्या चालल्या आहेत म्हणून पदरानें भिंत झाडूं लागल्या. आणि ‘मला घरीं न्या’ असा धोशा त्यांनीं रात्रभर लाविला. सकाळीं पुन्हां नीट बोलल्या. सायंकाळीं तोच प्रकार. आम्हीं समजूत घातली, वाद घातला, शेवटीं रागावलोंही. तिसऱ्या दिवशीं त्या गप्प पडून राहिल्या, तेव्हां ‘आतां शांत झाल्या’ असें समजून आम्हीं सुस्कारा टाकिला. वस्तुतः त्याच दिवशीं त्यांची प्रकृति अधिक बिघडली होती. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, मूत्रमार्गांत जंतुसंसर्ग झाला आहे. रात्रीं उठावें लागूं नये म्हणून त्यांनीं पाणी पिणें जवळजवळ सोडलें होतें, त्यामुळें शरीर शुष्क पडलें आहे. आणि पडशाच्या गोळ्यांनीं त्यांत भर घातली आहे. आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या. मग एकदां म्हणाल्या, “तूं रागावतोस हें कळत होतें रे, कां, तें कळत नव्हतें.”

या अवस्थेस वैद्यकांत डेलिरियम म्हणतात. हा शब्द लॅटिन असून ‘नांगराचा तास सोडून जाणें’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. उपमा मार्मिक आहे. बैल तेच, नांगर तोच. फाळ मात्र तासाबाहेर गेला आहे, आणि कारण शोधून दूर केल्यास तो बहुधा पुन्हां तासावर येतो. स्मृतिभ्रंश याहून निराळा. तो वर्षानुवर्षें हळूहळू वाढतो. डेलिरियम कांहीं तासांत किंवा एकदोन दिवसांत उद्भवतो, दिवसांतून कमीजास्त होतो, व त्यांत मुख्यतः अवधान नाहींसें होतें. ज्यांस आधींच स्मृतिभ्रंश आहे, त्यांस तर तो अधिकच सहज होतो. म्हणून ‘ते पूर्वीपासून असेच’ हें उत्तरही पुरेसें नाहीं.

याचीं कारणें बहुधा मेंदूबाहेर असतात: फुप्फुसदाह, लघवी तुंबणें, मलावरोध, रक्तांतील साखर किंवा सोडियम कमी होणें, मांडीचें हाड मोडल्यावरील शस्त्रक्रिया, झोपेच्या गोळ्या. वृद्धांस संसर्ग झाला तरी कित्येकदां ताप येत नाहीं; भ्रम हेंच पहिलें लक्षण असतें. आणि सर्वच रुग्ण बडबड करीत नाहींत. पुष्कळ जण नुसते मलूल होऊन पडतात, व कोणास त्रास देत नाहींत म्हणूनच दुर्लक्षित राहतात.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक विसराळूपणासाठीं डॉक्टरांकडे धांवावयाचें काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. चष्मा कोठें ठेविला हें विसरणें निराळें. प्रश्न एवढाच विचारावा: ‘गेल्या आठवड्यांत हे असे होते काय?’ उत्तर ‘नाहीं’ असें आल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस बोलवावें, व चालू असलेल्या सर्व औषधांची पिशवी त्यांच्यापुढें ठेवावी.

शुश्रूषेचें मोलही थोडें नाहीं. अमेरिकेंत न्यू हेवन येथील रुग्णालयांत ७० वर्षें व त्यावरील ८५२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस चष्मा व श्रवणयंत्र हाताशीं दिलें, पाणी पाजलें, चालविलें, स्थळकाळाची आठवण दिली आणि ज्यांची रात्रीची झोप सांभाळली, त्यांत हा विकार शेंकडा ९.९ जणांस झाला; नेहमीची शुश्रूषा लाभलेल्यांत शेंकडा १५ जणांस. यांतील कोणतें काम असें आहे कीं, जें आपल्या घरीं होऊं शकत नाहीं?

विद्यार्थिमित्रहो, आजीआजोबांच्या खोलींत बहुधा तुम्हीच निजतां. त्यांच्यांतील बदल वडील माणसांच्या आधीं तुमच्या ध्यानांत येईल. तेव्हां हंसूं नका, वाद घालूं नका. दिवा लावा, आपलें नांव सांगा, हात हातांत घ्या, आणि वडिलांस उठवून स्पष्ट सांगा कीं, ‘आजी काल अशी नव्हती.’ वडील म्हण ऐकवूं लागले तर तेंच वाक्य पुन्हां सांगा.