गाडीशी खोटं बोलावं का?



गेल्या महिनाभरात तीन जणांनी मला वेगवेगळ्या ठिकाणी गाठून एकच प्रश्न विचारला. "अरे, तू म्हणे गाडी खाली-वर करायचं यंत्र बसवलंस. कसं आहे? मी पण घेऊ का?" प्रत्येकाला पोहे गार होईपर्यंत उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझं उत्तर "घे, पण..." असं आहे, आणि त्या "पण"साठी हा सगळा प्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरवाला, डिग्री मात्र मेकॅनिकलची. (कॅम्पसवर आयटी कंपनी आली, पुढचं तुम्हाला माहीतच आहे.) दोन वर्षांपूर्वी एअर सस्पेन्शनवाली एक जुनी एसयूव्ही घेतली. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण दोष तिचा नाही. गाडी झकास. फ्रीवेवर पोटातलं पाणी हलत नाही. सगळं छान चाललं होतं, आणि मग साताऱ्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. एअरपोर्टवर गाडीच्या मागच्या दारापाशी ती थबकली, सीटकडे वर बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की हत्ती? अंबारीत चढायला शिडी तरी आण." सगळे हसलो. पण घरी आल्यावर तिनं बाहेर जायचं हळूहळू बंदच केलं. "तुम्ही जाऊन या, मी बसते घरी." दर वेळी नवं कारण. खरं कारण ते दार होतं, हे कळायला मला तीन आठवडे लागले, याची आजही लाज वाटते.

इथल्या सिटी बसमधून गेला असाल तर बघितलं असेल, थांब्यावर कोणी म्हातारं माणूस असलं की बस सुस्कारा टाकून दाराच्या बाजूला झुकते, माणूस चढला की परत उभी राहते. म्हणजे हवेच्या फुग्यांवर उभ्या असलेल्या वाहनाला खाली बसवणं हे काही अवघड तंत्रज्ञान नाही. माझ्या गाडीतही तेच फुगे, तोच कॉम्प्रेसर. पण कंपनीनं बटण दिलंय ते फक्त वीस मिलिमीटर खाली जाण्यापुरतं. बाकीची जागा यंत्रात आहे, परवानगी नाही. आम्हा आयटीवाल्यांना हे दुखणं ओळखीचं आहे, नाही का?

आता हे बाजारातलं यंत्र काय करतं ते सांगतो, कारण घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते माहीत नसतं असा माझा अनुभव आहे.

एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचे हवा भरलेले फुगे असतात. प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा एक सेन्सर असतो. त्याला छोटा दांडा असतो, चाक वर-खाली झालं की तो फिरतो आणि त्या कोनाप्रमाणे सेन्सर कंट्रोल युनिटला सिग्नल पाठवतो. युनिट बघतं, उंची हवी तेवढी आहे का? कमी असेल तर व्हॉल्व्ह उघडून फुग्यात हवा भरतं, जास्त असेल तर सोडून देतं. घरातल्या एसीच्या थर्मोस्टॅटचंच तत्त्व.

आता थर्मोस्टॅटजवळ कोणी गरम चहाचा कप धरला तर? बिचारा समजतो की घर तापलंय, आणि एसी चालू करतो. हे यंत्र म्हणजे तो चहाचा कप. सेन्सर आणि कंट्रोल युनिट यांच्या मध्ये ते बसतं आणि युनिटला सांगतं, "गाडी चाळीस मिलिमीटर जास्त वर आहे हो!" युनिट विश्वास ठेवतं आणि हवा सोडतं. गाडी चाळीस मिलिमीटर खाली येते आणि युनिट समाधानानं म्हणतं, आता झाली नॉर्मल. आपल्या भाषेत सांगायचं तर स्वतःच्याच गाडीवर केलेला मॅन-इन-द-मिडल हल्ला. यातला स्वस्त प्रकार म्हणजे सेन्सरचा दांडाच कमी-जास्त लांबीचा लावायचा. तत्त्व तेच, खोटं तेच, फक्त ते फोनवरून बदलता येत नाही.

मी फोनवरून चालणारं घेतलं. एका शनिवारी गॅरेजमध्ये बसवलं. बॅटरीची वायर काढली, डिकीतलं प्लास्टिकचं आवरण सोडवलं, कंट्रोल युनिटचा कनेक्टर काढून मध्ये नवीन हार्नेस घातला. त्यांच्या माहितीपत्रकात अर्धा तास लिहिलाय. मला अडीच तास लागले, त्यातला एक तास आवरणाच्या तुटलेल्या क्लिपा शोधण्यात. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांची अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, कमानपाटे बदलण्यात हात घासलेले. त्यांनी एकच सूचना केली, ती तुम्हालाही सांगतो. "नुसत्या हवेच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. हवा कधी जाईल सांगून जात नाही." जॅक मोड चालू करा, स्टँड लावा, मगच डोकं आत घाला. ही गंमत नाही.

मागचेच दोन कोपरे चाळीस मिलिमीटर खाली घेतले, कारण आई मागे नातीशेजारी बसते. कंपनीचे वीस धरून मागच्या दारापाशी एकूण पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच उतरले. हसू नका. दोन इंचांची किंमत गुडघे दुखणाऱ्याला विचारा. खाली एक छोटं पायथन ठेवलं आणि आई कोणाचा हात न धरता गाडीत बसली. त्या रविवारी आम्ही लिव्हरमोरच्या देवळात गेलो. साडेतीनशे डॉलर वसूल झाले असं वाटलं.

परत येताना अंधार पडला होता. सुनोलहून फ्रिमाँटला यायला नाइल्स कॅन्यनचा रस्ता धरला. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे: दोनच लेन, वळणावळणांचा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ओढा, दिवे नाहीत. समोरून येणारी पहिली गाडी माझ्यावर लाईट मारून गेली. मग दुसरी. मग तिसरी. मला वाटलं पुढे पोलीस असेल, वेग कमी केला. चौथ्यानं लांबलचक हॉर्न दिला आणि वळणावर मधल्या पिवळ्या रेषेला अगदी चिकटून गेला. आई म्हणाली, "काय रे हे लोक, देवळातून येणाऱ्यावर सुद्धा चिडतात!" डॅशबोर्डवर सगळं हिरवं. उंची: नॉर्मल.

सकाळी बाबा चहा घेऊन बाहेर चक्कर मारायला गेले आणि आत येऊन म्हणाले, "तुझी गाडी मागून बसलीय." मी म्हटलं, नाही हो, स्क्रीनवर नॉर्मल दाखवतेय. ते म्हणाले, "स्क्रीनवर दाखवत असेल. तू खाली वाकून बघ."

वाकून बघितलं. टेप लावली. मागून बरोबर चाळीस मिलिमीटर खाली. देवळातून निघताना फोनवरचं बटण दाबून उंची पूर्ववत करायची राहिली होती, आणि यंत्रानं शेवटची सेटिंग इमानदारीनं लक्षात ठेवली होती. कंपनीचे वीस मिलिमीटर गाडीनं वेग घेतल्यावर स्वतःहून भरून काढले. माझे चाळीस तिला माहीतच नव्हते.

आता गणित करा. दोन चाकांमधलं अंतर साधारण २.९ मीटर. मागची बाजू ४० मिलिमीटर खाली गेली की गाडीचं नाक तेवढ्या प्रमाणात वर होतं. म्हणजे हेडलाईटचा झोत पन्नास मीटरवर सुमारे ७० सेंटिमीटर वर जातो. रस्त्यावर पडायचा तो थेट समोरच्याच्या डोळ्यात. माझ्या गाडीचे हेडलाईट डिकीत वजन भरलं तर आपोआप खाली होतात, पण ते कोणाला विचारून? त्याच उंचीच्या सेन्सरना! आणि त्यांच्या तोंडी मी खोटं घातलेलं. म्हणजे मी एकाशी खोटं बोललो आणि ते घरभर झालं.

रात्री गॅरेजच्या दारावर दोन्ही सेटिंगचे झोत टाकून बघितले. रेषेतला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. नाइल्स कॅन्यनमधल्या त्या चौथ्या माणसाचं काय झालं असतं, आणि माझ्या गाडीत त्या वेळी कोण कोण होतं, हे आठवून त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून माझं मत असं बनलंय.

पहिली गोष्ट, "कंपनीनं दिलंय त्याला हात लावू नये, वॉरंटी जाते" हा सरसकट उपदेश मला मान्य नाही. अमेरिकेत १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणानं वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. गाडी माझी, फुगे माझे. (भारतात परत जाणाऱ्यांनी मात्र जपून. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना मूळ बनावटीतले बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलंय.)

दुसरी गोष्ट, गाडीच्या उंचीशी खेळणारे आपण पहिले नाही. कॅलिफोर्नियात पन्नासच्या दशकाअखेर कायदा आला, की बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. तेव्हा रॉन अगीरे नावाच्या तरुणानं १९५९च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक्स बसवले: पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली! इथल्या मेक्सिकन-अमेरिकन लोकांची लोरायडर परंपरा पुढे या हायड्रॉलिक्सवरच नाचली. 'लो रायडर' मासिक १९७७ साली आपल्या सॅन होजेतच सुरू झालं. आणि तो कायदा अखेर १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला. मला या लोकांबद्दल आदर आहे, कारण त्यांची गाडी खाली असते तेव्हा ती खाली आहे हे अख्ख्या रस्त्याला दिसतं. त्यात लपवाछपवी नाही. माझ्या यंत्रात होती.

तिसरी गोष्ट, उंची हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही, हे कंपन्यांनाही अनुभवानं कळलंय. २०१३मध्ये टेस्लाच्या मॉडेल एस गाड्यांना रस्त्यावरच्या लोखंडी वस्तू खालून लागून आगी लागल्या, तेव्हा कंपनीनं घरबसल्या सॉफ्टवेअर पाठवून हायवेवरची उंची वाढवली, आणि २०१४मध्ये खालून टायटॅनियमचं कवच दिलं. दोन बोटं उंचीचा फरक, पण त्यासाठी अख्खी कंपनी हलली. आपण तोच आकडा फोनवर अंगठ्यानं सरकवतो.

तेव्हा घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण माझ्या अटींवर. गाडी उभी असतानाच खाली जाणारं आणि चाकं फिरायला लागताच स्वतःहून मूळ उंचीवर येणारं यंत्र घ्या. मी ती सेटिंग शोधून चालू केली. मेनूत चार पायऱ्या आत होती, जी खरं तर पहिल्या पानावर हवी. ज्यात ती सोयच नाही ते यंत्र फुकट मिळालं तरी नको. कायमची खाली ठेवायची हौस असेल तर चारही कोपरे सारखे घ्या, व्हील अलाइनमेंट करून घ्या (नाहीतर टायर आतल्या कडेला झिजून जातील आणि बाहेरून कळणारही नाही), हेडलाईट तपासून घ्या आणि इन्शुरन्सवाल्याला कळवा. बसवण्याआधी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत चारही उंच्या मोजून कागदावर लिहून ठेवा. तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये. स्क्रीन बिघडली नसतानाही चूक दाखवू शकते, टेप नाही.

आणि गाडी कंपन्यांना एवढंच सांगणं आहे: बसला जे जमतं ते तुमच्या गाडीला आधीच जमतंय. म्हाताऱ्या माणसांसाठी ते एक बटण द्या. तुम्ही दिलंत तर हेडलाईटलाही खरं कळेल, डॅशबोर्डलाही खरं कळेल. आम्हाला चहाचा कप धरून उभं राहावं लागणार नाही.

आई आता दर रविवारी पुढे होऊन चप्पल घालते. बाबा मात्र निघायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारतात, मागच्या चाकापाशी वाकतात आणि मगच आत बसतात. मी काही बोलत नाही. आता मीही वाकतो.

चूकभूल द्यावी घ्यावी. ज्यांनी बसवलंय त्यांनी आपापले अनुभव, विशेषतः फसलेले, जरूर लिहा.

आपला,
एक गाडीवाला, फ्रिमाँट