'कर' लागला म्हणून मालकी येत नाही

परवा सिन्नरच्या एका लग्नात पुण्याहून आलेल्या गृहस्थांनी कुलवृत्तान्त माझ्या मांडीवर आपटला. मरून कव्हर, सोनेरी अक्षरं, चारशे पानं. पहिल्याच पानावर घोषणा: आडनाव सिन्नरकर, सबब आम्ही सिन्नरचे मूळ धनी! आणि लगेच विचारलं, "गोंदेश्वराचं देऊळ स्टँडपासून किती लांब हो?"

अहो धनी, तुमच्या घराण्यानं गाव सोडलं, म्हणून तुम्ही सिन्नरकर! सिन्नरमध्ये राहणाऱ्याला सिन्नरकर कोण कशाला म्हणेल? इथे सगळेच सिन्नरचे. वावीहून इथे आला तो वावीकर. त्याचाच भाऊ सिन्नरहून पुण्याला गेला की सिन्नरकर. नव्या गावातल्या शेजाऱ्यांनी ओळखीसाठी चिकटवलेली ही चिठ्ठी, आणि तुम्ही तिला सातबारा समजता? गावचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते पाटील, देशमुख, कुलकर्णी झाले. सिन्नरला ज्यांनी राजधानी केली ते यादव. देवगिरीला गेले तरी यादवच राहिले.

म्हणे, 'कर' कुळं मुळातच खानदानी! होळ गावचे मल्हारराव धनगराच्या घरचे, ते होळकर. आंबडव्याच्या सकपाळांचा भीमराव साताऱ्याच्या शाळेत आंबडवेकर झाला, पुढे आंबेडकर. मंगेशीवरून दीनानाथ मंगेशकर. एकच प्रत्यय सगळ्या जातींच्या उंबऱ्यावर बसलाय, आणि हे त्यातून कुलश्रेष्ठत्वाचं नवनीत काढतात! साहेबाच्या देशातही तेच. तिकडचं 'टन' म्हणजे शेतवाडी, वस्ती. न्यूटन म्हणजे नवी वाडी. गुरुत्वाकर्षणवाला आयझॅक आपल्या हिशेबानं चक्क नववाडीकर. त्यानं कधी वाडीवर हक्क सांगितला?

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. गाव सोडणं ही त्या घरातली सर्वांत मोठी घटना. आडनावात तेवढीच एक खरी गोष्ट शिल्लक आहे, आणि नेमकी तीच हे लपवतात. मी विचारलं, "काका, तुमचे पूर्वज सिन्नर सोडून का गेले? दुष्काळ? कर्ज? प्लेग? नोकरी? मागे कोण राहिलं?"

गृहस्थांनी पानं चाळली. गोत्र होतं. कुलदैवत होतं. परदेशस्थ नातवांचे रंगीत फोटो होते. पुन्हा पहिल्यापासून चाळली. मग पुस्तक मिटून पिशवीत घातलं आणि म्हणाले, "पंगत बसली वाटतं."