परगावचे रात्रीचे जेवण

कामानिमित्त परगावी गेलेल्या माणसाचा दिवस कामात निघून जातो. कचेरीत चहा मिळतो, दुपारी कोणी ना कोणी जेवणाला सोबत नेते. खरी अडचण उभी राहते ती दिवेलागणीनंतर. कचेरी बंद होते, सहकारी आपापल्या घरी जातात आणि पाहुणा उतरण्याच्या खोलीवर परततो. खाली उपाहारगृह असते. पण तेथील दरपत्रक हातात घेतले की भूक आणि खिसा यांचा झगडा सुरू होतो. प्रवासवर्णनांतून देवळे, नद्या, डोंगर यांची वर्णने भरपूर आढळतात. रात्री साडेआठला परक्या गावात परवडेल असे गरम जेवण शोधणाऱ्या माणसाची दखल मात्र कोणी फारशी घेतलेली नाही. विषय किरकोळ वाटतो म्हणून असेल. पण ज्याला महिन्यातून दहा-बारा दिवस असे काढावे लागतात, त्याच्या प्रकृतीशी आणि संसाराशी हा प्रश्न थेट जोडलेला आहे.

छत्तीसगडची राजधानी रायपूर हे याचे चांगले उदाहरण आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी नवे राज्य अस्तित्वात आले आणि या जुन्या व्यापारी गावाकडे कामासाठी येणाऱ्यांचा ओघ वाढला. सिलतरा आणि उरला येथील कारखान्यांकडे यंत्रदुरुस्तीसाठी तंत्रज्ञ येतात, पंडरीच्या कापडबाजारात व्यापारी येतात, औषधांचे विक्रेते, कृषी विद्यापीठातील परीक्षक, सरकारी कर्मचारी येतात. नागपूरहून रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटर अंतर असल्याने यांत विदर्भातील मराठी माणसे पुष्कळ असतात. २०१२ साली मंत्रालय नव्या रायपूरला हलले. हे नवे नगर जुन्या शहरापासून सुमारे २० किलोमीटर दूर आहे. रुंद रस्ते आणि मोठमोठ्या इमारती तेथे आहेत. पण शहराला शहरपण देणारी खानावळ, चहाची टपरी, रात्री उशिरापर्यंत जागणारा चौक या गोष्टी आराखड्यावर रेघा ओढून तयार होत नाहीत. त्यामुळे काम नव्या नगरात असले तरी जेवणासाठी जुन्या रायपूरकडे वळावे लागते.

पूर्वी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. शिदोरी बरोबर घ्यावी, ती संपली की धर्मशाळेत चूल मांडावी किंवा ओळखीच्या घरी उतरावे, अशी रीत होती. लहानगा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ मध्ये रायपूरला आला तेव्हा नागपूरपासून पुढचा प्रवास बैलगाडीचा होता. अशा प्रवासात चूल बरोबरच चालत असे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थिरावली. पाहुणा त्यांच्याकडे उतरला की त्याच्या पानाची चिंता उरत नसे. ती रीत आता मागे पडली आहे आणि त्याबद्दल उसासे टाकण्याचे कारण नाही. यजमानीणबाईंना न विचारता चार पाने वाढवण्याचा तो रिवाज कोणाच्या कष्टांवर उभा होता, हे विसरून चालणार नाही. आज माणूस आपल्या पैशाने जेवू इच्छितो. ते पैसे पुरावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते.

ते पुरत नाहीत, याची कारणे समजून घेतली पाहिजेत. निवासी हॉटेलातील जेवणाच्या किमतीत वातानुकूलन, गालिचा, गणवेशातील वाढपी, खोलीपर्यंत ताट आणून देणे या साऱ्यांचा खर्च मिसळलेला असतो. साध्या उपाहारगृहात वस्तू व सेवा कर पाच टक्के असतो, तर उंची निवासी हॉटेलांच्या आवारात तो अठरा टक्के पडतो. म्हणजे तीनशे रुपयांच्या जेवणावर एके ठिकाणी पंधरा रुपये, तर दुसऱ्या ठिकाणी चोपन्न रुपये कर होतो. त्याशिवाय काही ठिकाणी बिलात सेवाशुल्क जोडलेले असते. ते ग्राहकाच्या संमतीवाचून परस्पर लावता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते मान्य केले. तरीही दमलेला प्रवासी रात्री दहा वाजता वाद घालत बसत नाही. निमूटपणे पैसे देतो.

आता भत्त्याचा विचार करू. केंद्र सरकारने २०१७ साली ठरवलेल्या दरांनुसार पाचव्या वा त्याखालच्या वेतनस्तरावरील कर्मचाऱ्याला दिवसभराच्या जेवणासाठी पाचशे रुपये, तर चौदाव्या व त्यावरील स्तरावरील अधिकाऱ्याला बाराशे रुपये मिळत. भूक काही वेतनस्तर पाहून लागत नाही. पण ते असो. जेवणाची बिले दाखवण्याची अट गेली आणि ही रक्कम ठोक मिळू लागली. कागदपत्रांचा जाच संपला, हे चांगले झाले. मात्र त्यातून एक मोह उत्पन्न झाला. न खाल्लेले जेवण आता घरी नेता येते. चहा आणि बिस्किटांचा पुडा यांवर रात्र काढायची आणि वाचलेले दोन-तीनशे रुपये मुलांच्या शुल्कासाठी बाजूला ठेवायचे, असे करणारी माणसे थोडी नाहीत. त्यांच्या या काटकसरीचे कौतुक होते. ते कौतुक योग्य नाही. ज्या पगारात मुलांचे शुल्क भागत नाही, त्या पगाराची उणीव कर्मचाऱ्याच्या पोटातून भरून काढली जाते आणि त्याला सद्गुण म्हटले जाते. खासगी कंपन्यांच्या फिरत्या विक्रेत्यांची स्थिती याहून बिकट असते. काहींना ठरीव भत्ताही नसतो.

अशा माणसासाठी उपाय हॉटेलच्या दाराबाहेर असतो. रायपुरात स्थानकाच्या परिसरात, जयस्तंभ चौकाच्या आसपास, मालवीय मार्ग आणि गोलबाजाराच्या बाजूला साधी भोजनालये आहेत. तेलीबांधा तलावाच्या काठी संध्याकाळी खाण्यासाठी गर्दी लोटते. इंडियन कॉफी हाउसचा पर्यायही आहे. कॉफी मंडळाने आपली उपाहारगृहे बंद करण्यास सुरुवात केल्यावर कामगारांनीच १९५७ पासून सहकारी संस्था स्थापून ती चालवायला घेतली. मध्य भारतात असा मोठा पसारा जबलपूरच्या संस्थेने उभा केला. तेथे डोसा खाऊन, कॉफी पिऊन एकट्या माणसाला निवांत बसता येते, आणि कोणी उठवत नाही. चांगले ठिकाण ओळखण्याची खूण फार सोपी आहे. हॉटेलच्या व्यवस्थापकाला विचारू नये. सामान उचलणाऱ्या मुलाला किंवा रिक्षाचालकाला ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ असे विचारावे. जेथे भात झपाट्याने संपतो आणि डाळ पुन्हापुन्हा रांधली जाते, तेथे शिळे वाढले जाण्याचा संभव कमी. दर दर्शनी भागी लिहिलेले असावेत. आणि पदार्थ सुटे मागवण्यापेक्षा थाळी घ्यावी. एकट्यासाठी भाजीची अख्खी वाटी आणि डाळीची अख्खी वाटी मागवली, तर अर्धे अन्न वाया जाते व पूर्ण पैसे जातात.

रायपूरला येऊन पोळी-भाजीचाच आग्रह धरणेही बरे नव्हे. हा भाताचा मुलूख आहे. तांदळाच्या पिठाचा चीला म्हणजे आपल्या धिरड्याचाच भाऊ. फरा म्हणजे तांदळाचे वाफवलेले मुटके. चौसेला ही तांदळाची पुरी. स्वस्त पदार्थ नेहमी तोच असतो जो त्या मातीत पिकतो. महंत घासीदास स्मारक संग्रहालयाच्या आवारात २०१६ साली सुरू झालेल्या ‘गढ कलेवा’ या उपाहारगृहात हे पदार्थ महिला बचत गटाने रांधून द्यायला सुरुवात केली. राज्याची खाद्यपरंपरा, स्त्रियांचा रोजगार आणि बाहेरच्या माणसाची सोय या तीन गोष्टी तेथे एकाच चुलीवर शिजतात. मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायांनी हेच केले होते. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, तेव्हा या कामाचे मोल लोकांच्या ध्यानात आले.

सरकारांनीही स्वस्त जेवणाचे प्रयोग केले आहेत. महाराष्ट्रात १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, छत्तीसगडात २००४ मध्ये पाच रुपयांत डाळ-भात देणारी केंद्रे निघाली, २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. या योजना गरिबांसाठी होत्या व तसेच असायला हवे. पण शिवभोजन थाळी दुपारच्या दोन-तीन तासांपुरतीच ठेवली गेली, यातून आपल्या विचाराची एक सवय दिसते. कष्टकरी माणूस संध्याकाळी घरी जाऊन जेवतो, असे गृहीत धरले जाते. परगावचा चालक, मालवाहू गाडीचा मदतनीस, परीक्षेला आलेला उमेदवार यांना त्या गावात घर नसते. रात्रीची त्यांची भूक भागवणाऱ्या हातगाड्या पुष्कळदा वाहतुकीच्या नावाखाली हटवल्या जातात. वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर समितीत विक्रेत्यांना किमान चाळीस टक्के जागा दिल्या आहेत. कोणती गाडी कोठे उभी राहावी हे ठरवताना त्यांचे म्हणणे ऐकले जावे, हा त्यामागचा हेतू आहे.

एकट्या स्त्रीचा प्रश्न तर याहून अवघड. पुरुषाला अर्धा किलोमीटर चालत जाणे म्हणजे पाय मोकळे करणे असते; कामासाठी आलेली स्त्री त्याच रस्त्यावर दिवे किती आहेत, भोजनालयात आणखी एखादी बाई बसलेली आहे का, परतताना किती वाजतील, याचा हिशोब करते. हा हिशोब जुळला नाही की ती खोलीतच महागडे जेवण मागवते किंवा उपाशी झोपते. म्हणजे समान भत्ता मिळूनही तिचे जेवण महाग पडते. हा फरक कोणत्याही नियमावलीत नोंदलेला नाही.

प्रशिक्षणाचे किंवा बैठकीचे निमंत्रणपत्र पाहावे. त्यात तारीख, वेळ, आणावयाची कागदपत्रे, निवासाचे ठिकाण सारे काही असते. त्याच पत्राच्या तळाशी ‘निवासाजवळ रात्री दहापर्यंत उघडी असणारी, साध्या दराची दोन-तीन भोजनालये’ अशी एक ओळ घालायला कोणत्याही कचेरीला खर्च येणार नाही. ती ओळ लिहिण्याचे काम मात्र रोज त्या रस्त्यावरून जाणाऱ्या, तेथे जेवणाऱ्या शिपायाला किंवा लिपिक बाईंना द्यावे.