सत्तरातले पाच

पुण्याहून शिर्डीला रस्त्याने गेला असाल तर राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ तुम्ही पाहिलेलं आहे. म्हणजे गाडीच्या खिडकीतून. नगर मागे पडतं (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमची जीभ अजून वळत नाही), मनमाड रस्ता लागतो, आणि गाडीतलं कोणीतरी "अजून किती राहिलं?" विचारत असतं, तेवढ्यात विद्यापीठ येऊन जातंसुद्धा. पण तुम्ही भगवा जातीचं डाळिंब खाल्लं असेल, तर ती जात इथून बाहेर पडलेली आहे. फुले त्रिवेणी ही गाय इथली. 'फुले' नावाने सुरू होणारी बियाण्याची पिशवी दिसली की समजायचं, मूळ गाव राहुरी.

आता या सगळ्यामागे जे प्रयोग असतात, त्यातली बरीचशी अंगमेहनत कोण करतं? एमएस्सी आणि पीएचडी करणारी बावीस-पंचवीस वर्षांची पोरं. आणि मला गेले काही दिवस पडलेला प्रश्न असा, की या पोरांना काम कोण शिकवतं? शेतीशास्त्र नव्हे हो, ते शिकवतातच. काम. नोंदी कशा ठेवायच्या, आकडे कसे सांभाळायचे, निष्कर्ष चार ओळींत कसा लिहायचा, मार्गदर्शकाला "सर, हे जमणार नाही" कसं सांगायचं, आणि शेतकऱ्यासमोर उभं राहून काय बोलायचं.

क्षुल्लक वाटतंय? मग एक साधा हिशोब करू. समजा सोयाबीनचा प्रयोग आहे. दहा खतमात्रा, प्रत्येकीची तीनदा पुनरावृत्ती, म्हणजे तीस वाफे. प्रत्येक वाफ्यात पाच झाडांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधायच्या, म्हणजे दीडशे झाडं. प्रत्येक झाडाच्या सहा गोष्टी मोजायच्या, हंगामात चार वेळा. झाले ३६०० आकडे! हे सगळं चिखलात उभं राहून पेन्सिलने वहीत लिहायचं आणि रात्री होस्टेलवर एक्सेलमध्ये भरायचं. तिथे तिसऱ्या पुनरावृत्तीतला पाचवा वाफा म्हणून तुम्ही '३-५' टाइप केलंत की एक्सेल अतिशय प्रेमाने त्याचा '३ मे' करून टाकतो. हसू नका. याच दुखण्यापायी २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची अधिकृत नावं बदलावी लागली, कारण मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी नावं एक्सेल तारखा समजत होता. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी एका स्प्रेडशीटपुढे हात टेकले!

आमच्या धंद्यात फाइल बिघडली तर गिटमधून कालची काढतो, बिल्ड पुन्हा चालवतो, चहा पिऊन येतो. खरिपाला 'अनडू' नाही. जूनमध्ये पेरलं, ऑक्टोबरमध्ये काढलं, संपलं. दोन वर्षांच्या एमएस्सीत हाताला हंगाम लागतात एक, फार तर दोन. वाफ्यांची अदलाबदल झाली किंवा वही भिजली, तर ते वर्ष गेलं. शिवाय त्या प्रयोगावरून पुढे शिफारस निघणार असेल, तर चुकीच्या आकड्याची किंमत राहात्याच्या किंवा नेवाशाच्या शेतकऱ्याच्या खिशातून जाते, प्रबंध लिहिणाऱ्याच्या नाही.

बरं, हे शिकवायला हवं हे कोणाला कळलेलंच नाही असंही नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ग्रंथालयाचा वापर, तांत्रिक लेखन व संवादकौशल्य, बौद्धिक संपदा, प्रयोगशाळेतली मूलभूत तंत्रं आणि संशोधनाची नीती असे विषय आहेत. २००९ च्या आराखड्यात ते बिनक्रेडिटचे होते, म्हणजे सक्तीचे, पण हिशेबात न धरलेले. शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवतोय ना? अगदी तस्सं. २०२१ च्या सुधारित आराखड्यात त्यांना प्रत्येकी एक क्रेडिट मिळालं. एमएस्सीच्या एकूण सत्तर क्रेडिटांपैकी पाच. तीस प्रबंधाची. म्हणजे तीस क्रेडिटांचं काम ज्या हत्यारांनी करायचं, ती हत्यारं पाजळायला पाच. आणि हे विषय ऑनलाइन उरकायचीही मुभा आहे.

मला पाच हा आकडा कमी वाटतो, पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. ते पाच त्या तिसांपासून तोडलेले आहेत. तांत्रिक लेखनाच्या तासाला 'उत्तम गोषवारा कसा लिहावा' यावर स्लाइड दाखवतात. पोरगं ते पाठ करतं, परीक्षा देतं, आणि वर्षाने स्वतःचा गोषवारा लिहिताना सीनियरचा प्रबंध उघडून त्यातलं पिकाचं नाव तेवढं बदलतं. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या स्वतःच्या गोषवाऱ्यावर कोणी लाल पेन घेऊन बसलंय कुठे?

नीतीचंही तेच झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आणले, त्यात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. २०१९ मध्ये पीएचडीसाठी 'संशोधन व प्रकाशन नीती' हा तीस तासांचा, दोन क्रेडिटांचा कोर्स सक्तीचा केला. हेतू उत्तम. पण आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी 'टेस्ट पास झाली ना, मग झालं' ही वृत्ती जन्मभर पाहिलेली आहे. दहा टक्के ही मर्यादा होती, तिचं लगेच टार्गेट झालं. वाक्यातले चार शब्द फिरवायचे, टक्केवारी उतरली की सुटकेचा निःश्वास! दुसऱ्याचा विचार घेताना त्याचं नाव का घ्यायचं, हे त्या तीस तासांत किती जणांना पटलं असेल, देव जाणे.

गंमत म्हणजे, ही विद्या आपल्याकडे परकी नाही. कृषिकोश नावाचं सरकारी भांडार आहे, देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध त्यात ठेवलेले असतात. रविवारी दुपारी मी त्यात उगाच भटकत असतो (हा छंद घरी कोणाला समजावून सांगता येत नाही). कुठलाही प्रबंध उघडा, संदर्भसूचीत दोन मराठी नावं बहुधा सापडतातच, पानसे आणि सुखात्मे. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचं शेतीसंशोधनातल्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक, १९५४ चं. त्याचं इंग्रजी नाव 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स'. 'वर्कर्स' शब्द बघा. पंडितांसाठी नाही, कामकऱ्यांसाठी. इंग्लंडात फिशरने १९२५ मध्ये 'रिसर्च वर्कर्स'साठी जे लिहिलं, त्याच परंपरेतलं हे. शेतात प्रयोग मांडणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचं पुस्तक. सत्तर वर्षं झाली, पोरं अजून त्याचा हवाला देतात. किती जण ते उघडतात हा प्रश्न वेगळा. हल्ली आकडे कोणा 'ॲनालिसिस करून देणाऱ्या'कडे द्यायचे आणि तक्ते परत घ्यायचे, अशीही सोय असते.

राहुरीत काहीच होत नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. जागतिक बँकेच्या मदतीने परिषदेने जो राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प राबवला, त्यात हवामान-सुसंगत शेती आणि पाणी व्यवस्थापनाचं एक प्रगत केंद्र राहुरीला मिळालं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ड्रोन, सेन्सर वगैरे हाताळायला मिळाले. हे चांगलंच झालं, माझ्यासारख्याला तर हेवाच वाटला. पण असे प्रकल्प मुदतीचे असतात. आणि ड्रोनचं एक बरं असतं, त्याला नारळ फोडता येतो, फोटो काढता येतो. एका विद्यार्थ्याचा मसुदा तीन वेळा वाचून परत केला, याचा फोटो कसा काढणार?

भाषेचा गुंता तर आणखी वेगळा. अकोल्याचं (नगर जिल्ह्यातलं अकोले हो, विदर्भातलं नाही) किंवा पाथर्डीचं पोरगं दहावीपर्यंत मराठीत शिकतं, मग इंग्रजीत पदवी, इंग्रजीत प्रबंध. प्रबंधातलं वाक्य लंगडं निघालं की सगळे म्हणतात, "इंग्रजी कच्चं आहे." मला हे निदान अर्धवट वाटतं. पुष्कळदा विचारच अर्धा शिजलेला असतो आणि इंग्रजी त्यावर पांघरूण घालतं. त्याला म्हणावं, तुझा निष्कर्ष आधी मराठीत चार ओळींत लिही, तुझ्या वडिलांना कळेल असा. जमलं तर इंग्रजीचं बघता येईल. नाही जमलं तर अडचण कुठे आहे ते निदान समजलं.

आणि ज्याच्यासमोर बोलायचं, तो ऐकणारा साधासुधा नाही. याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. तिथे ग्रामसभा पावसाचे आकडे घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवते. अशा गावात जाऊन तुम्ही "पाच टक्के पातळीवर फरक लक्षणीय आढळला" म्हणालात, तर कोणीतरी शांतपणे विचारणारच, "म्हंजी पोत्यात किती?" या प्रश्नाचं उत्तर देता येणं मला तरी सॉफ्ट स्किल वाटत नाही. ते शास्त्रच आहे, कारण उत्पन्नातला फरक, खताचा खर्च आणि आपल्या आकड्यातली अनिश्चितता तिन्ही नीट समजल्याशिवाय ते देता येत नाही. (आमच्या कंपन्यांमधल्या सॉफ्ट स्किलवाल्यांनी त्या शब्दाची पार रया घालवली आहे. काटा डाव्या हातात की उजव्या, यावर मी एक अख्खी दुपार ऐकलेली आहे.)

सरकारी पातळीवर हे प्रशिक्षण मिळतं, पण कधी? कृषी संशोधन सेवेत निवड झाली की हैदराबादच्या राष्ट्रीय अकादमीत पायाभूत कोर्स होतो, त्यात खेड्यात राहून करायचं कामही असतं. अकादमी १९७६ ची, अनुभव मोठा. पण ते निवड झालेल्या मोजक्यांसाठी. उरलेले बँकेत जातात, स्पर्धा परीक्षा देतात, बियाणं कंपनीत लागतात, आणि तिथेही नोंद, हिशोब आणि चार सरळ ओळी लागतातच.

यावर "मार्गदर्शकांना वेळ कुठाय?" असं म्हणतील, आणि ते खरंच आहे. विद्यापीठांतल्या रिक्त जागांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. ब्रिटनमध्ये २००२ च्या रॉबर्ट्स अहवालाने पीएचडीच्या मुलांना वर्षाला किमान दोन आठवडे असं प्रशिक्षण द्या म्हटलं आणि त्यासाठी सरकारने वेगळे पैसे दिले. आपल्याकडे ते पैसे येईपर्यंत थांबायचं? नको. १९९८ मध्ये सुरू झालेली 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' बघा. सुतारकाम हे नाव मुद्दाम घेतलेलं. शास्त्रज्ञांना प्रोग्रामिंग आणि डेटाची कामचलाऊ पण पक्की कौशल्यं शिकवायची, शिकवणारे बरेचसे त्यांच्यातलेच. त्यांच्या डेटावरच्या धड्यांत स्प्रेडशीटमध्ये रकाने कसे आखायचे, इथपासून शिकवतात. तो ३ मे तिथेच पकडला जातो.

राहुरीत हे उद्या सुरू करता येईल, आणि त्याला ड्रोन लागत नाही. आमच्याकडे कोणाचाही कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही, अगदी दहा वर्षांच्या अनुभवी माणसाचाही. तसंच, पेरणीआधी प्रयोगाचा आराखडा एका सीनियर विद्यार्थ्याने वाचायचा. दर महिन्याला वहीतले वीस आकडे दुसऱ्याने फाइलशी ताडून बघायचे. प्रबंधाबरोबर मूळ आकड्यांची फाइल द्यायची आणि दुसऱ्या विभागातल्या एखाद्या पोराने तीवरून एक तक्ता पुन्हा काढून दाखवायचा. तक्ता जुळला नाही, तर तोंडी परीक्षेची तारीख पुढे. आणि या वाचणाऱ्या पोरांना क्रेडिट द्यायचं, ते पाच आहेतच की.