मोराचा रंग आणि ओढ्याचा रंग

दिवाळीआधी आमच्याकडे कपाट आवरायचा एक दिवस असतो. त्या दिवशी पैठणीच्या घड्या मोडून पुन्हा उलट्या घातल्या जातात. यंदा मदतीला पुतणी होती. ती फॅशन डिझाइन शिकते. पदरावरच्या मोरावर बोट ठेवून म्हणाली, "काकू, मोर सुरेखच विणलाय, पण मोराची युक्ती काही विणकराला साधली नाही."

युक्ती अशी, की मोराच्या पिसात निळा रंग नसतोच. असतं ते मेलॅनिन नावाचं काळपट-तपकिरी द्रव्य. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या पिसात अशा जाळीदार शिस्तीत रचलेल्या असतात, की उजेडातला ठरावीक रंगच उलटून आपल्या डोळ्यांत येतो. जाळीतलं अंतर जरा बदललं की निळ्याचा हिरवा. पीस वस्त्रगाळ कुटलं तर हाती उरेल मळकट भुकटी!

येवल्याच्या मागांवर मोर, पोपट, कमळं किती पिढ्या उतरत आली. पण ती रूपाची नक्कल. पुतणी म्हणते ती रीतीची नक्कल. तिचं गाजलेलं उदाहरण पोरांच्या बुटांवर असतं. 1941 साली जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरून आला, तेव्हा कुत्र्याच्या केसांत आणि त्याच्या कपड्यांत काटेरी बोंडं अडकली होती. आपण शेतातून आल्यावर आघाडा नि कुसळं उपटतो, चार शिव्या देतो आणि विसरतो. त्यानं ती बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काट्यांच्या टोकांना आकडे दिसले. मग एका पट्टीवर आकडे, दुसरीवर बारीक फासे, असं वेल्क्रो जन्माला आलं. नावसुद्धा मखमल आणि आकडा या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांचे तुकडे जुळवून केलेलं.

रंगाच्या बाबतीत जपानच्या तेजीन कंपनीनं मॉर्फो या निळ्या फुलपाखराच्या पंखावरून धागा काढला. पॉलिएस्टर आणि नायलॉनचे पातळ थर एकावर एक; रंगद्रव्य नाही, तरी निळाई आहे. मॉर्फोटेक्सचं उत्पादन पुढे बंद पडलं. पण न रंगवता रंगीत कापड होतं, एवढं तरी दिसलं.

हे ऐकताना मला बँक आठवली. शाखाधिकारी असताना रंगाईच्या एका कारखान्याचं कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आलं. तारण चोख, जामीनदार भक्कम, ताळेबंद नेटका. पाहणीला गेलो तर मागचा ओढा गुलाबी वाहत होता. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हिरवा. मालक म्हणाले, "साहेब, यंदा कुठल्या रंगाची फॅशन, ते आमचा ओढा आधी सांगतो." मीही हसलो आणि सही केली. पाहणी अहवालाच्या छापील नमुन्यात ओढ्यासाठी रकाना नव्हता. कर्ज वेळेवर फिटलं. ओढ्याचं काय झालं, ते पाहायला मी गेलो नाही.

म्हणूनच रंगाविना रंगाचं मला अप्रूप वाटतं, आणि म्हणूनच एक शंकाही येते. मोर पावसाळ्यानंतर पिसारा झाडतो. ती पिसं मातीत जातात, नवी येतात. आघाड्याचं बी पदराला चिकटतं ते पुढे कुठेतरी पडून रुजण्यासाठी. नायलॉनची पट्टी मात्र उकिरड्यावर पडली की पडली. गुण घ्यायचा आणि शेवट तेवढा सोडून द्यायचा, याला मी नक्कल म्हणणार नाही, उचलेगिरी म्हणेन. माझ्या आईचं सुती लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडीचं पोतेरं, आणि पोतेरं संपलं की परसातली माती. तिला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. कापड शेवटी जातं कुठे, हे मात्र पक्कं ठाऊक होतं. फॅशनच्या शाळेत आराखड्याच्या पहिल्या कागदावर हा रकाना असायला हवा, असं मी पुतणीला सांगितलं.

तिनं वाद घातला नाही. पैठणीवर मलमलचं फडकं गुंडाळत एवढंच विचारलं, "काका, तो ओढा कुठे आहे? मला दाखवाल?"

भाऊबीज झाली की जायचं ठरलं आहे.