झाकलेल्या ओळी

आजचा विषय कचेरीतल्या कॉम्प्युटरचा आहे. पण आपल्या मुलांची शिष्यवृत्ती त्यात अडकते, म्हणून लिहितो.

आरमोरीत एक माउली रोवणीची मजुरी पाडून आमच्याकडे आली. "भाऊ, साऱ्या पोरींचा पैसा आला, माझ्याच पोरीचा नाही." तिच्यासोबत आम्ही संस्थेत गेलो. यादीत मुलीचे नाव होते, पुढे खाते क्रमांक मात्र भलत्याच मुलाचा!

झाले होते असे. बाबूंनी एक्सेलमध्ये 'खाते बाकी' असा फिल्टर लावला. नऊ नावे दिसली. नऊ क्रमांक दुसरीकडून उचलून एकदम पेस्ट केले. फिल्टर ओळी पुसत नाही, नुसत्या झाकतो. पेस्ट मात्र सरळ खाली उतरते, झाकलेल्या ओळींतही. सहा मुलांचे बरोबर असलेले क्रमांक त्यात गेले. बाबूंचा हेतू वाईट नव्हता, पण फिल्टर काढून एकदा बघायला काय हरकत होती?

सगळ्यांना एकच शब्द भरायचा असेल तर सोपे आहे. रकान्याचा तेवढा भाग निवडून ऑल्ट आणि अर्धविरामाचे बटन दाबावे, फक्त दिसणारे सेल निवडले जातात. मग शब्द लिहून कंट्रोल-एंटर. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा असेल तर मॅक्रो वापरता येतो. त्यात मथळ्याची ओळ सोडून रकाना घ्यावा, त्याला 'स्पेशलसेल्स' लावून 'एक्सएलसेलटाइपव्हिजिबल' सांगावे आणि मिळालेल्या एकेका सेलवर काम करावे. एकही ओळ दिसत नसेल तर मॅक्रो 1004 क्रमांकाची चूक दाखवून थांबतो, ती सोय आधी करावी. रकान्यात एकच सेल असेल तर जास्त सांभाळा, तेव्हा तो अख्ख्या शीटमधले दिसणारे सेल धरतो.

आमचे मत विचाराल तर क्रमांक ओळीच्या क्रमाने भरूच नयेत. मुलाच्या नोंदणी क्रमांकाशी जुळवून भरावेत. खात्याचा रकाना आधी 'टेक्स्ट' करावा, नाहीतर सुरुवातीची शून्ये उडतात आणि पंधरा अंकांपुढचे आकडे शून्य होतात. मॅक्रोने केलेले कंट्रोल-झेडने परत येत नाही, म्हणून फाइलची प्रत आधी ठेवावी.

संस्थेत अशी प्रत नव्हती. जुने कागदी अर्ज काढून सहापैकी चार मुलांचे क्रमांक जुळवले, त्यात त्या माउलीची मुलगी आहे. दोघांचे अर्ज अजून शोधतो आहोत.