आईला समुद्र दाखवायचा आहे

दिवाळी उलटली आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली की, नेरच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो. कळंबचा चिंतामणी झाला, माहूर झाले, शेगाव आणि पंढरपूर तर कितीदा झाले. पण आईने किंवा बाबांनी समुद्र पाहिलेला नाही. आता वय पंच्याहत्तरीच्या पुढे, रक्तदाब आहे, साखर आहे. न्यावे की नको?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून अरबी समुद्र गाठायचा म्हणजे महाराष्ट्राची जवळजवळ सारी रुंदी ओलांडावी लागते, हे खरेच. तरीही माझा अनुभव असा की, प्रवास आड येतो तो आजारामुळे क्वचितच. अधिक वेळा तो मुलांनी आखलेल्या कार्यक्रमामुळे बिघडतो. पाच दिवसांत सात ठिकाणे, रोज नवी खोली, पहाटे निघणे आणि रात्री पोहोचणे. तरुणांनाही हे झेपत नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की, एकच गाव निवडा आणि तेथेच तीन-चार दिवस राहा.

असे गाव सुचवा म्हटले, तर मी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरचे नाव घेतो. किनारा लांब आणि सपाट, काठाने सुरूची झाडे, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांतून घरे. व्याडेश्वराचे मंदिर गावातच आहे. डोंगर चढावा लागत नाही. घरगुती राहण्या-जेवणाची सोय मिळते. तेथून वेळणेश्वर आणि हेदवी ही आणखी निवांत गावे एकेका दुपारपुरती पाहून येता येतात. हेदवीला दशभुज गणपतीचे दर्शन घ्यावे. मात्र तेथील बामणघळ लांबूनच पाहावी. भरतीच्या वेळी खडकाच्या त्या अरुंद भेगेत पाणी घुसून उंच उसळते आणि भोवतीचा कातळ निसरडा होतो. गुडघेदुखीच्या माणसाचे तेथे काम नाही.

निघण्यापूर्वी घरीच एक साधी परीक्षा घ्यावी. अंगणात दहा मिनिटे न थांबता चालता येते का? एक जिना दम न लागता, छातीत न दुखता चढता येतो का? येत असेल तर बहुधा हरकत नसते. तरी आपल्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावे. गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, पायांवरची सूज वाढत असेल, झोपल्यावर दम लागत असेल, तर बेत पुढे ढकलावा. समुद्र कोठे जात नाही.

बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तेथून कोकण रेल्वेने चिपळूण, हा सरळ मार्ग. काही हंगामांत नागपूर–मडगाव विशेष गाडी थेट चिपळूणला जाते. ती असेल तर उत्तमच. मुंबईत एक रात्र विसावा घेतला तर खर्च थोडा वाढतो, पण माणूस ताजा राहतो. चिपळूणहून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर आहे. गाडीत दर तासा-दोन तासांनी उठून चार पावले टाकावीत. उठणे शक्य नसेल तेव्हा पायांचे घोटे वर-खाली हलवावेत. बराच वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते.

प्रवासात पुन्हा पुन्हा लघवीला जावे लागेल म्हणून त्या दिवशी लघवीची गोळी न घेण्याची आणि पाणीही तोडण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. विशेषतः आयाबाया हे कोणाला न सांगता करतात. हृदय अशक्त असलेल्या रुग्णाला एवढ्याने रात्रीतून दम लागू शकतो. गोळी बंद करू नये. ती घेण्याची वेळ बदलता येते का, ते डॉक्टरांना विचारावे.

आता हवेविषयी. आमचे रुग्ण म्हणतात, ‘आम्ही ४५ अंशांत वावरात राहिलेली माणसं, कोकणातल्या ३२ अंशांचं काय घेऊन बसलात!’ येथेच फसगत होते. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. किनाऱ्यावर हवा दमट. घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग गार होत नाही आणि पाणी मात्र जात राहते. त्यात म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा, दुपारी ११ ते ४ घरात पडून राहावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी द्यावे. ज्यांना पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी ते माप किती वाढवायचे हे आधी विचारून निघावे.

कोकणात पाहुण्याला शहाळे देतात. ते चांगलेच, पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे अशक्त असतील आणि त्यात टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांनी चवीपुरते दोन घोट घ्यावेत. सुकी मासळी, पापड, लोणचे यांतील मीठ रक्तदाबाच्या रुग्णाला भोवते. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्यांच्या पानात तेथे दोन्ही वेळा भात येतो, तेव्हा साखर तपासण्याचे यंत्र सोबत असावे. उकडीचा मोदक मात्र मी कोणाला नाकारत नाही. एक खावा, भात थोडा कमी घ्यावा.

मधुमेहींनी वाळूत अनवाणी फिरू नये, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. तळपायांची संवेदना गेली असेल तर तापलेली वाळू भाजते आणि शिंपला कापतो, तरी कळत नाही. रोज संध्याकाळी तळपाय पाहण्याचे काम घरातल्या एकाने घ्यावे. इन्शुलिन उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये, थेट बर्फावरही ठेवू नये.

जुन्या घरांत न्हाणीघर मागील दारी असते आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. खोली ठरवतानाच कमोड आहे का, रात्री किती पायऱ्या उतराव्या लागतात, हे फोनवर विचारावे. विसराळूपणा सुरू झालेली व्यक्ती नव्या जागी रात्री उठून गोंधळते. तिच्या खोलीत मंद दिवा चालू ठेवावा. औषधांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून दोघांच्या खिशात असावी. गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठी गरज पडल्यास चिपळूणच्या पुढे डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे आणि १०८ ची रुग्णवाहिका तेथेही चालते.

एक गोष्ट सुनांच्या बाजूने. अशा सहलीत सासूबाईंना आंघोळ घालणे, गोळ्या देणे, हात धरून नेणे हे सारे एकीवरच पडते आणि ती परत येते ती पाठ धरूनच. तिलाही समुद्र पाहायचा असतो. सांभाळणारे किमान दोघे असावेत आणि संध्याकाळच्या पाळ्या निघण्यापूर्वीच ठरवाव्यात.

आमच्या भागातील एक ऐंशीचे शेतकरी मागच्या हिवाळ्यात मुलासोबत जाऊन आले. जन्मभर कोरडवाहू केलेला माणूस. बराच वेळ पाण्याकडे पाहून म्हणाले, ‘एवढं पानी, अन् वावराच्या कामाचं नाही!’ मग मात्र रोज संध्याकाळी तेथेच जाऊन बसू लागले.

बसण्यासाठी घरमालकांकडून हात असलेली प्लास्टिकची खुर्ची मागून घ्यावी. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून ती गावकऱ्यांना विचारावी आणि ओहोटी लागल्यावरच खुर्ची पाण्याजवळ न्यावी. ओल्या वाळूत खुर्चीचे पाय रुततात. खाली एखादी फळी ठेवावी आणि उठवताना एकाने पाठीमागून खुर्ची धरावी, दुसऱ्याने कोपराखाली आधार द्यावा.